अर्थिंगची तार

कुताइसीत दर रविवारी, रिओनीच्या काठावर
चादरी अंथरून म्हातारी माणसं आपापलं घर विकतात,
सुटं सुटं. चमचे, झुंबराचे लोलक, पदकं,
कॅमेरा नसलेली कॅमेऱ्याची पिशवी.
मी कशाशीच थांबत नाही. मला हवं असतं ते
लांबूनच दिसतं: लालभडक, दोन शिंगांचं,
टेबलाच्या पायाएवढ्या मानेचं,
सोव्हिएत कारखान्यातून निघालेलं धूड.
गिटार म्हणायचं ते सहा खुंट्या आहेत म्हणून.

अशा चार आहेत घरी. आई विचारते,
त्यातली एक तरी वाजते का रे?
वाजते म्हणजे, तसं बघायला गेलं तर
एकीवर तुर्कस्तानचा रेडिओ लागतो.

चादरीमागे त्सिआला, पायात नवऱ्याचे मोजे.
साठ लारी, म्हणाली.
मी नेहमीचं रडगाणं लावलं: मान वाकलीये,
दोन बटणं गायब, आणि हे पाच पिनांचं भोक,
असली पिन आता कुठल्या दुकानात मिळायची?
माझीही मान वाकलीये, ती म्हणाली. पंचावन्न.
वर एक अट. नीट झाली की फोनवर ऐकवायची.

अकरा स्क्रू. त्यातले दोन गॅसच्या शेगडीचे.
आत दवाखान्यातली चिकटपट्टी,
सैल भोकांत ठोसलेल्या आगपेटीच्या काड्या,
आणि पिकअपच्या जागी
सार्वजनिक टेलिफोनच्या रिसीव्हरमधली गोल डबी.
म्हणजे कधीतरी या गावात
नाण्यावर नाणी टाकत कुणी उभं राहिलं असेल
आणि पलीकडचं काही ऐकू आलं नसेल,
नुग्झारला गिटार वाजवायची होती म्हणून.

पहिले तीन पडदे झिजून सपाट.
पाचव्याच्या पुढे बोटच लागलेलं नाही,
तिथं कारखान्याची चकाकी तशीच.
तीन पडद्यांत संसार केला गड्यानं.

तीन आठवडे गेले. मान शेकली, पाचर मारली,
पिन एका मेलेल्या टेपरेकॉर्डरची काढून आणली.
अगदी शेवटी सापडली ती काळी तार,
कोपऱ्यात बोळा होऊन बसलेली, कुठंच न जोडलेली.
अर्थिंग! जन्मात कुणी दिलंच नव्हतं तिला.
कथिलाचा एक थेंब, आणि गुरगुर बंद.
धुतलेल्या काचेसारखी शांतता.
मी स्वतःच्याच पाठीवर थाप मारून घेतली.

फोन लावला. स्पीकरपाशी धरला.
त्याच तीन पडद्यांत जेवढं मावतं तेवढं वाजवलं.
बराच वेळ काही नाही. मग:
ही नव्हे.
हीच आहे, मी म्हटलं, नंबर वाचून दाखवू?
ही मधे मधे गप्प बसते, ती म्हणाली.
ती नव्हती कधी गप्प.
रात्रपाळीहून यायचा तो. भिंतीपलीकडे घूं सुरू झालं
की मला कळायचं, आला.
मग डोळा लागायचा.
गाणं? गाणं त्याला कुठं येत होतं.

इस्त्री तापत होती. कथिलाची, छोटी.
हात काही उचलेना.
बऱ्या झालेल्या माणसाला कुणी
पुन्हा खोकला लावून देतं का?
शिवाय तीन आठवडे, शिवाय पाठ,
शिवाय उस्ताद म्हणायचा, अर्थिंग म्हणजे धर्म.

टोक टेकवलं. थेंब चमकला, पाण्यासारखा झाला,
तार टुणकन उडाली.

पुन्हा नंबर फिरवला. काही वाजवलं नाही.
फोन स्पीकरला टेकवून ठेवला नुसता.
घूं.
पलीकडे नळ सुरू झाला, बंद झाला,
खुर्ची ओढल्याचा आवाज.
फोन तिनं ठेवला नव्हता.

आई दारात आली, हाताला पीठ.
बिघडली वाटतं?
मी ओठांवर बोट ठेवलं.