शेवटची बस आठ बावन्नची

चर्चच्या मागच्या हॉलमध्ये हीटर दोन,
त्यातला एक चालू.
खुर्च्या मी मोजल्या. चाळीस मांडलेल्या, सव्वीस भरलेल्या,
सत्ताविसावीवर कुणाचं तरी हेल्मेट.

टेबलामागे नगर परिषदेचे चार उमेदवार.
प्रत्येकाला तीन मिनिटं,
मोजायला डॉरीन क्रचलीचं अंडी उकडायचं घड्याळ.

अ‍ॅलिस्टर गॅलोवे म्हणाला, पार्किंग.
मग पुन्हा म्हणाला, पार्किंग,
आणि सायकलच्या हिरव्या पट्ट्याबद्दल असं बोलला
जसा कुणी त्याच्या अंगणातून पाट खणून नेलाय.
जोनास व्हिटल, हेल्मेट त्याचंच,
कोपनहेगनचं सांगत होता.
कोपनहेगन सपाट आहे रे बाबा, मागून कुणी तरी म्हणालं,
आणि हॉल पहिल्यांदा हसला.
आमच्या रस्त्यावर पिशवीतून बटाटा निसटला
तर तो बंदरात जाऊन थांबतो.

मेरेआना पराता म्हणाली, दर पंधरा मिनिटांनी बस,
रविवारीसुद्धा.
मी हातमोजे काढून टाळ्या वाजवल्या.
चौथ्याला रोपवे हवा होता. त्याच्याकडे चित्र होतं.
चित्रातल्या डब्यात सगळी तिशीची माणसं,
एकाच्याही हातात पिशवी नाही.

मग प्रश्न. मी उठले; गुडघ्यांना वेळ लागतो.
म्हटलं, बस कुणाची?
म्हणजे उद्या तुम्ही निवडून आलात,
तर बसवाल्याला फोन कोण करणार?

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं.
थांबा त्यांचा. थांब्यावरचं छप्पर त्यांचं.
थुंकू नये ही पाटीही त्यांचीच.
बस मात्र प्रादेशिक परिषदेची,
ती इमारत वेगळी, ती माणसं वेगळी,
आणि इथंच घोडं पेंड खातं, असं मी म्हणणार
तोच अंड्याचं घड्याळ वाजलं.

आभार. चहा. लोण्याची बिस्किटं.
नऊ वाजून दहा मिनिटं.
शेवटची बस आठ बावन्नची.
हे चौघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.
मेरेआनालाही नाही. तिचा चेहरा इतका उतरला
की मीच म्हटलं, असू दे गं.

तिच्या गाडीत मुलांच्या तीन खुर्च्या, जागा नाही.
जोनास दिवा लुकलुकवत उतारावरून गेला,
आज दिवसभरात तेवढंच उतार त्याच्या बाजूने.
दार उघडलं ते गॅलोवेने.
बसा मिसेस स्ट्रॉन, वरच जातोय.

गाड्याबरोबर नळ्याची यात्रा.
सीट खालून गरम होत होती, लाज वाटावी इतकी छान.
तीन वळणं तो गप्प.
चौथ्यावर म्हणाला, आमची आई याच रस्त्याला राहायची.
बस होती तेव्हा. मग दुपारची बंद झाली, मग शनिवारची.
नऊ वर्षं मीच नेलं तिला.
डॉक्टर, केस कापायला, दर गुरुवारी पत्ते.
दारापाशी गाडी लावायला जागा नसली
की ती म्हणायची, राहू दे, घरी जाऊ.

मी म्हटलं, आणि बस असती तर?
तो वायपर चालू करून बसला.
काच कोरडी होती.

फाटकापाशी मी किल्ली शोधेपर्यंत
त्याने दिवे माझ्या कुलपावर धरून ठेवले.

मतपत्रिका अकरा दिवस फ्रिजवर आहे, चुंबकाखाली.
इथे पसंतीचे आकडे लिहायचे असतात.
मेरेआनासमोर एक. पेनाने, दाबून.
दोनला हात अडतो.

कोपऱ्यावरची टपालपेटी मार्चमध्ये उपटून नेली,
फुटपाथवर चार बोल्टांची भोकं उरलीत.
आता जवळची पेटी पाच थांबे खाली.
दहा चाळीसची बस.
कोट घातलाय, लिफाफा खिशात, पेनही घेतलंय.
दोनचा आकडा थांब्यावर उभ्याने लिहीन.
तिथे वेळ काय, भरपूर मिळतो.