चोराच्या मनात

शुक्रवारी रात्री नऊला आमचं गाव वसतं.
सात घरं, एक विहीर, पडद्याच्या कोपऱ्यात एवढासा चंद्र
आणि सातांतला एक लांडगा.

उत्पला हलहून येते, मूल निजवून, कुजबुजत.
निरंजन क्रॉयडनहून, तोंडात घास.
त्याच्या ऑफिसातले दोघे, ज्यांचे चेहरे मी पाहिलेले नाहीत,
पण थाप मारताना एकाचं ‘ॲक्चुअली’ वाढतं
एवढं मला पक्कं ठाऊक आहे.
मेघन स्टर्लिंगहून. तो बोलतच नाही,
म्हणून दर वेळी पहिला मरतो.
मी ॲबर्डीनहून, टॉरीतल्या दुसऱ्या मजल्यावरून,
खिडकीत बंदर, तेलाच्या बोटींचे दिवे.
आणि इशबेल, माझ्या बरोब्बर पायाखालून.

इशबेल एकसष्टची, बस चालवते.
सप्टेंबरात जिना चढून विचारायला आली होती,
दर शुक्रवारी वरती एवढं कुणाला मारता?
तेव्हापासून तीही गावात राहते.
तिचं हसू मला दोनदा ऐकू येतं,
आधी लाकडी जमिनीतून, मग कानात.
आम्ही भांडता भांडता मराठीत घसरलो
की ती टेबलावर चमचा आपटते: फाउल!

लहानपणी चिठ्ठ्या होत्या. राजा, प्रधान, शिपाई, चोर.
चोराची चिठ्ठी माझ्या मुठीत ओली व्हायची.
बाबा डोळेही वर न करता म्हणायचे,
चोराच्या मनात चांदणं,
आणि मी लगेच मूठ उघडायची.

या शुक्रवारी मला पान आलं साध्या गावकरणीचं.
दळण, पाणी, झोप. लपवण्यासारखं काही नाही.
पहिल्या रात्री मेघन गेला.
पडदा पिवळा झाला, म्हणजे उजाडलं.
निरंजन म्हणाला, तू आज गप्प का गं?
मी म्हटलं, कुठे, मजेत तर आहे.

सगळे थांबले.
वसतिगृहात तीन वर्षं माझ्या शेजारच्या कॉटवर निजलेली उत्पला
हळूच म्हणाली (मूल झोपलं होतं),
हा हिचा खोटा आवाज. शपथेवर सांगते.

बरोबर होतं तिचं.
पान खरं होतं, आवाज खोटा.
मंगळवारी आलेलं पत्र ड्रॉवरमध्ये, लोकरी मोज्यांखाली:
मार्चअखेर प्रयोगशाळेला माझी गरज उरणार नाही.
त्यापुढचे साठ दिवस मी बोटांवर मोजून ठेवले होते,
घरी फोनवर मात्र थंडीबद्दल बोलत होते.

चार मतं पडली माझ्यावर.
इशबेलने कुणालाच मत दिलं नाही.
आमच्यात मेलेल्याचं पान शेवटपर्यंत उलटत नाहीत.
मेल्यावर माईक बंद होतो.
आठवडाभरात पहिल्यांदाच
कुणी मला काही विचारू शकत नव्हतं.
मी उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले,
परत गेले.

खालून झाडूच्या दांड्याचे तीन ठोके.
मग जिन्यावर पावलं, एका गुडघ्याला जपत चढणारी.

दारात ती, गळ्यात हेडफोन, पायात नवऱ्याच्या सपाता.
म्हणाली, लांडगा मी आहे.
तेव्हा तू लांडगा नाहीस
हे अख्ख्या गावात मला एकटीलाच माहीत आहे.
मग मंगळवारपासून माझ्या डोक्यावर
रात्री तीनला फेऱ्या कोण घालतंय?

तिच्या गळ्यातून खेळाचा बारीक आवाज येत होता:
रात्र झाली. गावाने डोळे मिटावेत.
लांडग्याने निवड करावी. तीस सेकंद.

मी ड्रॉवर ओढला. तो नेहमीसारखा अडकला.
तिने खांद्याने रेटा दिला,
मोजे एका बाजूला केले,
चष्मा आणायला विसरले म्हणाली,
वाच.

त्या रात्री गावात कुणीच मेलं नाही.
असं कसं झालं, यावर निरंजन अजून वाद घालतो.