चढाचे का उताराचे

दुपारी दीडला तो वरून जातो,
रात्री दीडला पुन्हा.
मधल्या वेळात किनवटचं जंगल
आमच्या हिशेबात कुठेच जळत नाही.

नांदेडच्या ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं:
खोट्या रंगात जिवंत झाड लाल दिसतं,
जळालेलं काळं.
दिवाळीनंतरचं चित्र होतं ते.
आपलं सगळं सागवान लालभडक पाहून
मी पहिल्यांदा फोन केला तो घरी.

आज धूर आधी ओढणीला कळला.
गच्चीवरून काढून आणली तर
मोहाखालच्या पाचोळ्याचा वास.
चित्र उतरायला अजून तास होता,
ऑफिसातलं नेट बोधडीपर्यंत चालत जाऊन
चालतच परत येतं.

मग उतरलं.
इस्लापूरच्या अंगाला एक पांढुरकी रेघ,
पाटीवरचा खडू ओल्या बोटानं पुसावा तशी.
ढग म्हणावा
तर खाली सावली नव्हती.

मी तिच्यामागे बोट नेलं
रुळांच्या कडेकडेनं, बोधडीवरून,
आमच्याच गच्चीवरून,
पुढे आदिलाबादकडे.
राज्याची हद्द मी स्वतः पिवळ्या रंगात ओढलेली आहे.
धूर तिच्यापाशी थांबला नाही.
चहा घेऊन आलेल्या गंगामणीला विचारलं,
तुमच्यात याला काय म्हणतात?
पोग, म्हणाली,
आणि स्क्रीनकडे न बघता खिडकी लावून घेतली.

वायरलेसवर देवराव टेकाम:
"ताई, तुमच्या ठिपक्यावर उभा हाव.
इथं काहीच नाही. वीटभट्टी बी नाही.
वानरं हायेत."
ठिपका म्हणजे पावणेचारशे मीटरचा चौकोन, मी सांगते,
आग त्यात कुठेही असू शकते.
थोडा वेळ नुसती खरखर.
"पावणेचारशे मीटर," तो म्हणतो,
"चढाचे का उताराचे?"

पाऊण तासानं त्याला ती सापडली.
उताराला.
भीमबाई आत्रामनं झाडाखाली जागा साफ केली होती,
फुलं पडली की दिसावीत म्हणून,
दरसाल करते तशी.
वारं फिरलं.
चौघांनी पळसाच्या डहाळ्यांनी झोडपून विझवली,
पाचवी भीमबाईच होती.
तिची टोपली तेवढी जळाली.

'कारण' या रकान्यात काय टाकू?
क्षीरसागर साहेबांनी चष्मा काढला, पुसला,
परत घातला.
"अज्ञात."
मी टाकलं.

रात्रीचं चित्र सकाळी पाहिलं.
सगळा तालुका काळाभोर,
एकही ठिपका नाही.
नोंद केली: आग विझली. धूर विरळ, पूर्वेस.
पूर्वेस म्हणजे कुणाच्या घरात,
कुणाच्या वाळत घातलेल्या कुरडयांवर,
ते विचारायला रकाना नाही.

ओढणी दोनदा धुतली.
घडी मोडली की अजून
कुणीतरी मोहाखाली वाकतं.

रजिस्टरच्या शेवटी, समासात,
पट्टी न लावता
पेन्सिलीनं एक रकाना आखला आहे:
चढ / उतार.
वरून येणाऱ्या कुठल्याच चित्रात
तो भरून येत नाही.
देवरावला विचारून भरते.