आलियान्सा

आमचं आडनावच दुभाषी.
कुठल्याशा तहाच्या वेळी पडलेलं म्हणतात.
तहाचा कागद घरात नाही,
वाळवीने सोडलेली पेटी तेवढी आहे.

त्र्याऐंशीच्या जानेवारीत पणजीहून जीप आली.
पोर्तुगीज न विसरलेला
आणि कुठल्या पक्षात नसलेला माणूस हवा होता.
अशी माणसं तेव्हाही फार नव्हती.

सचिवालयाची माडी, मांडवीकडची खोली.
टेबलावर दोन झेंडे.
शिपायाने पट्टी लावून उंची मोजली,
एकाखाली पुठ्ठा सारला.

इकडे टंखासाहेब, दिल्लीचे, बंद गळ्याचा कोट,
वाक्यात शिरण्याआधी
बाहेर पडायचं दार बघून ठेवणारे.
तिकडे कॉम्रेड ज्युलियांव मबुंदा,
त्यांचा देश मोकळा होऊन आठ वर्षं झालेली,
पक्ष एकच, आणि तो खोलीत हजर.
आमच्याकडे पक्ष किती,
हे त्यांनी सकाळी कुतूहलाने विचारलं होतं.
मी मोजायला लागलो, मग ते हसले.

मैत्री जुनी. प्रश्न चौथ्या कलमाचा.
ते म्हणत, सशस्त्र लढ्याला पाठिंबा.
टंखासाहेब म्हणत, शांततामय मार्गांना.
दीड तास. काजू संपले, पुन्हा आले.
शेवटी कुणीतरी 'न्याय्य लढा' असं म्हणालं,
बहुधा मीच,
आणि एकाने त्यात बंदूक ऐकली,
दुसऱ्याने उपास.
दोघांनी माना हलवल्या. मी पाणी प्यालो.

ही भाषा मी पाल्मातोरखाली शिकलो,
तळहात पुढे करून.
त्यांनी कुठे शिकली ते विचारलं नाही.
धनी गेला, आणि आम्ही दोघं
त्याच्याच खुर्च्यांवर बसून
त्याच्याच भाषेत एकमेकांना भाऊ म्हणत होतो.

जेवणानंतर मबुंदा खिडकीशी उभे राहिले.
म्हणाले, माझा थोरला भाऊ इथे होता,
अठ्ठावन्न साली, आग्वादच्या किल्ल्यावर,
त्यांच्या फौजेत.
पत्रात लिहायचा: माड आपल्यासारखेच आहेत,
लोक बोलत नाहीत.
तुम्ही त्याला काय म्हणायचा?

म्हापशाचा शुक्रवार.
बाजारात ते उभे असायचे, उन्हात, बूट घालून,
केळ्यांचा भाव बोटांनी विचारत.
आम्ही पोरं मागून 'खापरी' ओरडायचो
आणि मिरच्यांच्या राशींआडून पळायचो.
एकदा एकाने वळून पाहिलं होतं.
माझ्याकडेच, असं मला तेव्हापासून वाटतं.

"शिपाय," मी म्हणालो.
"एवढंच?"
"एवढंच."

त्यांनी नदीकडे पाहिलं.
बेतीची फेरी अर्ध्या पाण्यात होती.
मग सावकाश म्हणाले,
तुमच्या लोकांची आमच्याकडे दुकानं होती.
कापडाची, मिठाची, उधारीच्या वह्यांची.
आम्हीही त्यांना
दुकानदारच म्हणायचो.

टंखासाहेबांनी मागून विचारलं, काय म्हणतायत?
मी म्हणालो, हवेबद्दल.
सव्वीस कलमांत न बसलेला तेवढाच एक करार,
आणि त्याची प्रत कुणाकडेच नाही.

संध्याकाळच्या भाषणात ते म्हणाले, आलियान्सा.
त्यांच्या माझ्या उसन्या भाषेत
या शब्दाचे अर्थ दोन: युती,
आणि लग्नाची अंगठी.
इंग्रजीत नेताना दुसरा अर्थ
माझ्या हातातून गळला.
मबुंदांचं अंगठीचं बोट सुरुंगाने नेलं होतं.
अंगठी ते खिशात ठेवत, किल्ल्यांबरोबर,
आणि सही करताना
ती टेबलाच्या कडेला वाजली.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो.
हात हातात. दोघंही कॅमेऱ्याकडे बघतायत.
मधल्या फटीत एक कान दिसतो.
बायकोने कातरून ठेवला.
कुणाचा, ते तिला सांगावं लागलं नाही.