चौदा बाय नऊ

नीएवेस बारियेंतोस दुकानात आली तेव्हा
पुंता अरेनासमध्ये वारा असा होता
की दार तिच्याआधी आत आलं.
बिस्किटांचा पत्र्याचा डबा तिनं काउंटरवर ठेवला,
झाकण नखानं उचकटलं.
"कार्डं छापायचीत. चौदा बाय नऊ. पाचशे.
रेडिओवर ज्यांच्याशी बोलते त्यांना पाठवायला."

मी म्हटलं, आवाज पोचला ना, मग कागद कशाला?
ती माझ्याकडे पाहत राहिली,
पोस्टात बत्तीस वर्षं काढलेल्या बाईनं
बिनतिकिटाच्या पाकिटाकडे पाहावं तशी.

डब्यात फोटो, सगळे तिनंच काढलेले.
प्रवास म्हणजे किती, तर तीन:
एकदा चिलोएला, बहिणीच्या लग्नाला,
एकदा वाल्दिव्हियाला, दातांसाठी,
आणि एकदा बसनं, मामेभावाच्या मेंढवाडीवर,
जिथे ती पोचलीच नाही.

मी पेंग्विन सुचवले. तयारच असतात माझ्याकडे,
रांगेत, कुणाचेही डोळे मिटलेले नाहीत.
मग सुळके सुचवले, मागे गुलाबी आभाळ.
मग पुन्हा पेंग्विन.
"ते तर न बघताही पाठवतात लोक," ती म्हणाली
आणि डब्याच्या तळातून काढला
बसच्या काचेतून घेतलेला एक फोटो:
अर्धं कुंपण, एक मेंढी किंवा दगड,
काचेवर धुळीचा ओघळ,
आणि डाव्या कोपऱ्यात
तिच्याच अंगठ्याचा लालसर डोंगर.

बस तिथे बंद पडली होती, साडेतीन तास.
ड्रायव्हरनं आपल्या डब्यातला पाव सगळ्यांना वाटला.
कुणीतरी विचारलं, आपण नेमके आहोत कुठे?
कुणालाच सांगता येईना.
"रात्री सेटवर असंच असतं," ती म्हणाली.
"खरखर, खरखर. मग तिच्यात एक माणूस,
आणि तोही आधी तेच विचारतो."

मी स्क्रीनवर अंगठा पुसायला घेतला.
"राहू दे. त्याच्यावरच कॉलसाइन टाक, पांढऱ्यात.
अंगठाच आहे. सही समज."

मागच्या बाजूला चौकटी: तारीख, वेळ,
फ्रीक्वेन्सी, रिपोर्ट.
वेळ आपल्या घड्याळाची नाही, ग्रिनिचची,
हे तिनं मला दोनदा बजावलं. ते मी बरोबर केलं.
चुकलो पुढच्या बाजूला:
आठच्या जागी सहा. पाचशे वेळा.

ओरडली असती तर बरं झालं असतं.
तिनं स्टूल ओढलं, पेन मागितलं.
इंग्रजी सहाला वरून एक कमान जोडली
की आठ होतो, हे मला
एकोणीस वर्षांच्या धंद्यात ठाऊक नव्हतं.
चार दुपारी ती कमानी जोडत बसली.
पांढऱ्या शाईचं पेन मी फुकट दिलं.
तेवढं तरी.

हिवाळ्यात ती एक आलेलं कार्ड दाखवायला आली.
वाक्कानाई, जपान. सुनाझावा नावाचे कुणी गृहस्थ.
फोटोत बंद पेट्रोल पंप, बर्फात उलटी पडलेली बादली,
आणि डाव्या कोपऱ्यात
अगदी मुद्दाम ठेवलेला
त्यांचा अंगठा.
ती इतकी हसली की चष्मा काढून पुसावा लागला.

परवा मला पाकीट आलं.
तिचं घर दुकानापासून दोन गल्ल्यांवर,
तरी तिकीट लावून, शिक्का बसवून.
आत तेच कार्ड, कमान जोडलेलं.
तारीख: ती पहिल्यांदा आली तो दिवस.
फ्रीक्वेन्सीच्या चौकटीत: काउंटर.
रिपोर्ट: स्पष्टपणा पाच, जोर नऊ.
(आजवर मला नऊ माहीत होते ते फक्त नाकी आलेले.)
खाली बारीक अक्षरात:
ऐकणं अजून कच्चं. पेंग्विनना दोनदा नाही म्हणावं लागलं.

कार्डाला कार्डानंच उत्तर द्यायचं असतं म्हणे.
म्हणून दुपारपासून फोटो उघडून बसलोय.
चारेक हजार आहेत. सुळके, बोटी, गुलाबी आभाळ.
एकातही माझा अंगठा नाही.