पूर्ववत

ग्रुपवर बेचाळीस जणांनी अंगठे दाखवले,
रविवारी सातला नाथसागराच्या काठी सतरा.
हातमोजे अकरा जोड.
मी म्हटलं, एकेक घ्या,
ज्या हातात मोजा त्या हातानं बेशरम उपटा.

पैठणच्या शाळेची पोरं पिंढरीपर्यंत गाळात.
सानियाने विचारलं, मॅडम, हिला बेशरम का म्हणतात?
तोडून फेकली तरी पडेल तिथं रुजते, म्हणून.
"मग चांगलंय की," म्हणाली
आणि मुळाशी झोंबली.

फॉर्मवर मी लिहिलं होतं,
उद्देश: पाणथळ जागा पूर्ववत करणे.
त्र्यंबक लिंबोरे, खांद्यावर जाळं, उभ्यानंच हसले.
"पूर्ववत म्हणजे कधीचं, बाई?
ही पोरगी उभी आहे ना, तिथं आमचं खळं.
रोहित चरतेत तिथं मारुतीचा पार.
पाणी चढत आलं तवा मी हिच्याएवढा."

मला काही सुचेना.
उगाच शिट्टी वाजवली,
पाणी प्या म्हणून.

तेवढ्यात टिटवीचा आकांत.
आमच्या आखलेल्या रांगेच्या ऐन मधे
चार अंडी, खड्यांत खडे.
लिंबोऱ्यांनी जाळ्याचे तरंगे, चपलेचे कापलेले तुकडे,
सोडवून भोवती मांडले.
रांग वळवली.

रात्री 'पूर्ववत' खोडलं.
तिथं काय लिहायचं, अजून ठरत नाही.
पुढच्या रविवारी मोजे जास्त लागतील.
लिंबोरे म्हणाले, मला नकोत, नाव तेवढं लिवा.
आणि गावाच्या रकान्यात
बुडालेल्या गावाचं नाव सांगितलं,
दोनदा, स्पेलिंग चुकू नये म्हणून.