परतीची नळी

शटर अर्धं खाली. उद्यमबागेतल्या फौंड्र्या
दुसऱ्या पाळीचा धूर सोडून गप्प झाल्यात.
अ‍ॅशली लोबोची लाल गाडी जॅकवर,
पोटाखाली मी, पाठीला पुठ्ठा.
कॅम्पातलं पोरगं. शनिवारी गोव्याला निघतं
आणि चोर्ल्याच्या चढाला टर्बो भरात आला की
इंजिन आतनं टकटकतं,
बंद खोलीतनं कुणी बोटानं दार वाजवावं तसं.

"पॉवर आणखी पाहिजे, मास्तर."
कुठनं आणू बाबा?
टर्बो वारा दुप्पट कोंबतोय
आणि पेट्रोल येतंय ह्या नळीतनं.
एकवीस वर्षांचं रबर. बाहेरनं धडधाकट,
कापून बघितलं तर आत सुजलेलं,
काडेपेटीची काडी जाईल एवढंच भोक.
टकटक कसली, भूक होती ती.

नवी नळी बसलिंगकडनं आणली.
तो ऊसतोडणीच्या मशीनच्या नळ्या दाबून देतो.
वरनं स्टीलची वीण, आत पेट्रोलला न भिणारं पांढरं अस्तर.
"कारला एवढी? ह्याच्यावर जेसीबी हात उचलंल की."
मापं मी मराठीत सांगितली, त्यानं कन्नडात लिहिली.
तुकडे दोऱ्याचाही फरक नसलेले आले.

रेग्युलेटर मुठीत मावेल एवढा.
आत एक पातळ पडदा, पडद्यावर स्प्रिंग.
वरनं टर्बोचा वारा, खालनं पेट्रोल.
वाऱ्यानं एक पाऊल टाकलं की
पेट्रोलनंही एकच टाकायचं, दीड नाही.
उरेल ते परतीच्या नळीनं टाकीत.
ह्या नळीवर पैसे घालायला कुणी तयार नसतं.
परत जाणाऱ्याला वाट अरुंद ठेवली
तर दाब कुणाचंच ऐकत नाही,
मी अ‍ॅशलीला समजावून सांगत होतो, पाना हातात.

मला वास येत नाही.
त्या तापाच्या वर्षी गेला, तो गेलाच.
निपाणीला मामाच्या तंबाखूच्या वखारीत उभा राहिलो,
सगळे शिंकले, मी नाही.
म्हणून विरूपाक्ष. हुक्केरीचा, एकोणीस वर्षांचा,
आयटीआय नापास, नाक पास.

चावी अर्धी. इंजिन नाही, नुसता पंप.
नळ्या ताठ झाल्या. मी ॲलन की फिरवत गेलो,
सुई दोन ओलांडून अडीच, मग तीन.
"बास," मी म्हणालो.
"साकु," तो म्हणाला. एकाच वेळी.
टॉर्च फिरवला, प्रत्येक जोडावरनं बोट फिरवलं.
कोरडं.
अ‍ॅशली स्टार्टरला हात घालणार
एवढ्यात विरू थांबला. मान वर, शेळीगत.
"मास्तर, वासनी बरतैती."

अ‍ॅशली हसला. त्याला मराठीतली वासना ऐकू आली.
मी बॅटरीची तार उपसली.

परतीच्या नळीचा शेवटचा नट, टाकीजवळचा.
मीच आवळलेला. बोलता बोलता
पाव फेरा राहून गेला.
मोहरीएवढा थेंब, सायलेन्सरच्या बरोबर वर,
पडू का नको करत लटकलेला.
कुणी काही बोललं नाही. विरूनं फडकं दिलं.
पाव फेरा मारला, त्यावर तेल-पेनची खूण केली,
मग बाकीचे अकराही पुन्हा.
"आता?"
तो गाडीखाली गेला, बराच वेळ आला नाही.
"गाडीला नाही. तुमच्या हातालाय."

रविवारी अ‍ॅशलीचा फोन, चोर्ल्याच्या माथ्यावरनं.
वाऱ्यात शब्द तुटत होते.
"टकटक नाही मास्तर. काहीच नाही.
मग आता जरा आणखी बूस्ट..."
रेंज गेली. मी परत लावला नाही.

त्या रात्री घरी सुमतीनं ताट ठेवलं,
नेहमीसारखं जरा लांब.
दोनदा साबण लावलेली बोटं नाकाशी धरली.
काही नाही. ना पेट्रोल, ना साबण, ना आमटी.
"येतोय काय गं वास?"
तिनं भाकरी मोडली.
"रोजच येतोय की."